यादीबाहेरचा तादेय

दम्माम, शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

चि. फरहाना,

सलाम आणि पुष्कळ दुआ.

आकिबमामाच्या मोबाईलवरून तुझा निरोप मिळाला. 'नऊ फेब्रुवारीला निकाह आहे. अब्बांनी यावं किंवा मामांच्या नावे वकालतीचं पत्र पाठवावं.' सव्वादोन वर्षांनी तुझ्याकडून आलेले एवढेच शब्द. त्यातला तो 'किंवा' मला टोचला, खोटं कशाला बोलू? पण बरोबर आहे तुझं. आपल्यात वलीशिवाय मुलीचा निकाह लागत नाही आणि बाप जिवंत आहे तोवर वली तोच. तो येऊ शकत नसेल तर त्याने दुसऱ्याला तसा अधिकार लिहून द्यायचा.

पत्र मी देणार नाही. मी स्वतः येणार आहे. मौलवींसमोर उमैरच्या हातात हात देऊन मीच बोलणार.

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. आमचा कुमार ड्रायव्हर रविवारी गुहागरला जातोय, तो फेरीबोटीने दाभोळला उतरून आकिबकडे देईल. वाचायचं की चुलीत घालायचं ते तू ठरव. तुमच्याकडे आता चूल नाही, गॅस आहे, हे मला माहीत आहे.

येण्यात अडचण एकच. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, १० फेब्रुवारीला संपतो आणि तो आमच्या फुटबॉल क्लबने नवा करून दिल्याशिवाय इथून बाहेर पडून परत यायचा व्हिसा निघत नाही. ऑफिसातला क्लार्क रूपेश दापोलीचा आहे. तो म्हणतो, 'अलीचाचा, कागद मुदीरच्या टेबलावर ठेवलाय, सही झाली की झालं.' मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर. त्याच्या टेबलावर ठेवलेल्या कागदावर धूळ किती बसते ते मी सोळा वर्षं बघतोय. पण होईल.

बाकी माझं काम तेच. पंचवीस खेळाडूंचे कपडे धुवायचे, बूट पुसायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. सध्या एका खेळाडूचं वेगळं काम गळ्यात पडलंय. त्याच्याबद्दल पुढच्या वेळी लिहीन.

तुझा अब्बा

दम्माम, शनिवार, ११ जानेवारी २०२५

चि. फरहाना,

कुमारने पत्र पोचवलं असं आकिबने सांगितलं. तू काय म्हणालीस ते त्याने सांगितलं नाही, म्हणजे काही म्हणाली नाहीस. असू दे. हे पत्र कोणाबरोबर येईल ठाऊक नाही, तरी लिहितो. खोलीत दुसरं करण्यासारखं काही नाही.

त्या खेळाडूचं नाव तादेय. स्लोव्हेनिया नावाचा युरोपात एक लहानसा देश आहे, तिथला. चौतीस वर्षांचा, सव्वासहा फूट उंच, पुढे राहून गोल मारायचं काम. 'स्ट्रायकर' म्हणतात. तू लगेच विचारशील, मोठा खेळाडू का? नाही, बेटा. मोठा नाही. सतराव्या वर्षी गावचा क्लब सोडला, त्यानंतर ऑस्ट्रिया, हंगेरी, सायप्रस, पोलंड, कझाकस्तान, माल्टा, इंडोनेशिया, ओमान आणि आता इथे. सगळे मिळून अकरा क्लब. कुठे एक वर्ष, कुठे दीड. देशासाठी एकदाच खेळायला मिळालं, तेही शेवटची सहा मिनिटं. दोनदा चेंडू पायाला लागला म्हणतो. एकदा तर परत गोलकीपरकडेच दिला.

मी विचारलं, 'एवढे देश फिरलास, सगळ्यात चांगला कुठला?' आमची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी, मोडकं अरबी आणि हातवारे. तो म्हणाला, 'सगळीकडे विमानतळ, मैदान आणि भाड्याची खोली. कझाकस्तानात खोली गरम होती. ती चांगली.' मी हसलो. माझंही तसंच की. सोळा वर्षांत मी या देशातलं काय पाहिलंय? बाजार, मशीद, उमऱ्याला गेलो तेव्हा मक्का-मदिना, आणि धुलाईचं मशीन.

ऑक्टोबरमध्ये क्लबने ब्राझीलचा एक पोरगेला खेळाडू आणला. परदेशी किती ठेवायचे याची संख्या ठरलेली असते. एक आत आला की एक बाहेर. तादेयचं नाव यादीतून काढलं. करार जूनपर्यंत आहे, पण मॅच खेळायची नाही, संघाबरोबर सराव करायचा नाही, संघाच्या बसमध्ये चढायचं नाही. जेवायचंही वेगळ्या वेळी. सकाळी सहाला एकट्याने सराव आणि परत दुपारी दोनला एकट्याने सराव. वेळा मुद्दाम अशा की दिवसभर कुठे जाता येऊ नये. कंटाळून तो स्वतःच पळून जाईल अशी त्यांची अटकळ.

तो पळत नाही. तीन महिने रोज दोन वेळा येतो. फाटकाची किल्ली माझ्याकडे, म्हणून मीही येतो. एकटा माणूस सराव काय करणार? मग चेंडू मी फेकतो. गेल्या आठवड्यापासून त्याने मला गोलमध्येही उभं केलंय. बावन्नाव्या वर्षी तुझा बाप गोलकीपर झालाय. एक चेंडू अडवला तर त्याने टाळ्या वाजवल्या. मला कळलं, त्याने हळूच मारला होता.

सराव झाला की हजेरीच्या वहीत त्याने सही करायची आणि शेजारी साक्षीदार म्हणून मी. दर गुरुवारी त्या पानाची नक्कल त्याच्या वकिलाला ऑफिसातून पाठवतात. करारातच तसं लिहिलंय. लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिला तर चूक त्याची, करार रद्द आणि वर काही महिने कुठेच खेळायला बंदी. म्हणून तो अंगात ताप असला तरी येतो.

त्याच्या गावच्या क्लबने त्याला बोलावलंय. मोठं काही नाही, नदीकाठचं मैदान आहे, पाच-सातशे माणसं बघायला येतात. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नाव नोंदवलं तर तो जूनपर्यंत तिथे खेळेल आणि मग बूट काढून ठेवेल. त्याला एवढंच हवंय. क्लब म्हणतो, जा, पण चूक माझी होती असं लिहून दे. ते लिहिलं की बंदी आली. मग कसलं गाव आणि कसलं मैदान.

इकाम्याचं काम चालू आहे.

तुझा अब्बा

दम्माम, सोमवार, २० जानेवारी २०२५

फरहाना,

मुदीरने आज मला केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला. सोळा वर्षांत पहिल्यांदा चहा दिला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तुझ्या निकाहचं विचारलं, मुबारक म्हणाला. इकाम्याचा कागद समोर होता, सही करायला पेनही उघडलेलं होतं. त्याने पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या आठवड्याचं काम समजावून सांगितलं. काम अवघड नाही. मी हो म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही. 'बस, तीन दिवस, अली. खलास,' असं म्हणत तो मला दारापर्यंत सोडायला आला.

काय काम ते मी तुला सांगणार नव्हतो. वर एवढं लिहून थांबलो होतो. नमाज पढून आलो आणि आता लिहितो. तीन दिवस तादेयच्या नावापुढे 'गैरहजर' लिहायचं आणि खाली सही करायची. त्या बदल्यात इकामा, व्हिसा आणि सहा तारखेचं विमान.

रूपेशला सगळं आधीच माहीत होतं. तो मला जिन्यात गाठून म्हणाला, 'चाचा, तुम्ही उगाच नडू नका हो. तो गोरा कुठे ना कुठे निभावून नेईल. तुमची पोरगी एकदाच लग्न करणारे.' मी त्याला म्हटलं, 'तू तुझं टायपिंग कर.' पण तो खोटं बोलत नव्हता.

आता दुसरं. हे मी आजवर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू वाचायलाही तयार झाली नसतीस. तुझी अम्मी गेली तेव्हा मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं की क्लबने सोडलं नाही. तुला कोणीतरी खरं सांगितलं म्हणून तू माझा नंबर बंद केलास, हे मला माहीत आहे. रूपेशनेच आकिबला सांगितलं असणार. तुला खरं काय ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं.

सुट्टी मंजूर होती. तिकीटही काढता आलं असतं. पण शुक्रवारी वरच्या लीगमध्ये जायची मॅच होती आणि सगळा संघ म्हणत होता की अली नसला तर आमचे बूट कोण बघणार. मला ते ऐकायला आवडलं. दाभोळात मला कोण विचारतं, बेटा? इथे पंचवीस जण अली, अली करत होते. आकिब फोनवर म्हणत होता, फरहानाच्या अम्मीची तब्येत बरी नाही, ये. मी म्हटलं, तीन दिवसांनी येतो. शरफुन्निसा बुधवारी गेली. मॅच आम्ही हरलो, तेही सांगून टाकतो.

मला माफ कर असं लिहायला हात उठत नाही. मी चुकलो एवढं लिहितो. तुझ्या निकाहाला मला यायचंय ते त्याचमुळे. तुझ्या अम्मीच्या वेळी मी नव्हतो, या वेळी असेन, एवढा एकच हिशोब मी मनात धरून बसलोय. आणि तो पुरा करायला मला एका माणसाला खड्ड्यात घालावं लागणार आहे.

तू विचारलंस तर मी म्हणेन की अजून ठरवलं नाही. खरं म्हणजे मी ठरवलंय. मी सही करणार.

अब्बा

दम्माम, गुरुवार, ३० जानेवारी २०२५, सकाळ

फरहाना,

सोमवारी पहाटे फाटक उघडून मी चेंडूंची जाळी बाहेर काढली. धुकं होतं, थंडी होती. वहीत काय लिहायचं ते मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. तो येईल, सराव करेल, सही करायला वही मागेल, तेव्हा मी म्हणणार, वही ऑफिसात राहिली. एवढं नाटक मी पाठ करून आलो होतो. सहा वाजले, साडेसहा झाले, तो आलाच नाही. दुपारी दोनलाही नाही.

माझा तर जीव भांड्यात पडला. आजारी असेल. मला खोटं लिहायलाच नको.

मंगळवारी नाही. बुधवारी सकाळीही नाही. मग मात्र मला राहवेना. त्याच्या इमारतीत गेलो, दार वाजवलं. उघडलं तर हा माणूस पूर्ण कपड्यांत. जर्सी, मोजे, नडगीची पॅडं, पायात बूट बांधलेले. खोलीत खुर्चीवर तसाच बसून होता.

मी म्हटलं, 'आजारी आहेस?'

'नाही.'

'मग चल. उशीर झालाय, पण चल. मी सहाच लिहितो.'

'नाही. तू ॲबसेंट लिही.'

रूपेशने त्याला सांगितलं होतं. रूपेशच्या पोटात काही म्हणून राहत नाही. मुदीरची मागणी, इकामा, तुझा निकाह, वली म्हणजे काय, सगळं. वर फोनवर तुझी लग्नपत्रिका दाखवली होती. तादेयने तुझं नाव नीट म्हणून दाखवलं, फक्त 'ह' त्याला जमत नाही.

मी चिडलो. म्हटलं, 'तुझं डोकं फिरलंय? बंदी येईल. गावचं मैदान गेलं तुझं.'

तो म्हणाला, 'अली, तू खोटं लिहिणार. मला माहीत आहे. मी तीन दिवस येत नाही, म्हणजे तू खरं लिही. तुझं काही चुकत नाही.' मग म्हणाला, 'मला अकरा क्लब मिळाले. कुठेच कोणी माझ्यासाठी फाटक उघडून थांबलं नाही.'

त्याने चहा केला, बिनदुधाचा, आमच्याकडे आजाऱ्याला देतात तसला. बूट पायात तसेच. दोन वाजले तेव्हा त्याने घड्याळाकडे पाहिलं, गुडघे हलवले आणि बसून राहिला. तीन महिने ज्या माणसाला मी दोनच्या ठोक्याला मैदानात बघत होतो तो माझ्यासमोर खुर्ची धरून बसला होता. मी तिथून उठून आलो. जिन्यात मला रडू आलं. बावन्न वर्षांचा बाप्या जिन्यात रडतोय म्हणून एक सफाईवाला थांबला, आणि मग मान खाली घालून निघून गेला.

आज गुरुवार. वही माझ्यासमोर आहे. सोमवार, मंगळवार, बुधवारच्या ओळी मोकळ्या आहेत. चार वाजता रूपेश नक्कल न्यायला येईल. इकाम्याच्या कागदावर मुदीरने काल सही केली, मला दाखवली आणि परत खणात ठेवली. सहा तारखेच्या तिकिटाचा कागद माझ्या खिशात आहे. आणि आता मला खोटं लिहायचंही नाहीये. मी फक्त जे घडलं ते लिहायचं.

मग हात का उठत नाही?

अब्बा

दम्माम, मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

चि. फरहाना,

रूपेश उद्या सुट्टीवर दापोलीला निघतोय. तिन्ही राहिलेली पत्रं आणि हे, अशी चारही तोच आकिबच्या हातात देईल. सगळी एकदम वाचशील तेव्हा तारखा बघून वाच.

गुरुवारी चारला रूपेश आला तेव्हा तिन्ही दिवस भरलेले होते. सकाळ हजर, दुपार हजर. माझ्या नावापुढे माझी सही आणि तादेयच्या नावापुढे तादेयची. तीही मीच केली. गेली दीड वर्षं त्याला पोरांच्या जर्सींवर सह्या देताना बघतोय, 'टी'चा तो लांब दांडा मला झोपेतही काढता येईल. आयुष्यात दुसऱ्याची सही मी पहिल्यांदाच केली. पाप आहे, मला माहीत आहे. त्याची तौबा मी वेगळी करीन.

रूपेश पान बघत उभाच राहिला. 'चाचा, हे काय केलंत? तो तर आलाच नव्हता.'

मी म्हटलं, 'फाटकाची किल्ली कोणाकडे असते?'

'तुमच्याकडे.'

'मग कोण आलं आणि कोण नाही ते तुला काय माहीत? पाठव.'

तो बराच वेळ मशीनपाशी घुटमळला. नोकरी त्यालाही आहे. पण पाठवलं त्याने. एकदा वकिलाकडे गेलं की मुदीरच्या हातात काही राहत नाही.

मुदीर ओरडला नाही. त्याने खणातून माझा इकाम्याचा कागद काढला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. 'यल्ला, जा, कपडे धू,' म्हणाला. मी जाऊन कपडे धुतले. ब्राझीलच्या पोराचा गुडघा शनिवारी दुखावला आणि हजर माणसाला बाहेर का ठेवलंय असा वकिलाचाही कागद आला, तेव्हा त्यांना तादेयशी भांडत बसायला वेळ उरला नाही. रविवारी दोघांच्या मर्जीने करार संपला असं लिहून त्याला मोकळं केलं. काल सकाळी तो गेला.

आनंदाने गेला असं समजू नकोस. त्याला खरं कळलं तेव्हा तो किटरूममध्ये येऊन माझ्यावर असा खेकसला की बाहेरचे खेळाडू आत डोकावले. 'मी तुझ्यासाठी बसून राहिलो! मी तीन दिवस बसून राहिलो! तू कोण ठरवणारा?' बूट आपटले त्याने. मी आपला मोजे जोडीने लावत होतो. शेवटी तोही माझ्या शेजारी बसून मोजे लावायला लागला, आणि चुकीचे लावले. विमानतळावर मला जाता आलं नाही. फाटकापर्यंत गेलो. त्याने मला घट्ट धरलं. काही बोलला, त्याच्या भाषेत. मला समजलं नाही आणि मी विचारलंही नाही.

आता माझं. इकामा सोमवारी संपतो. मुदीर म्हणतो, बघू. तो बघू म्हणाला म्हणजे उन्हाळा जाईल, कदाचित वर्षही. कामाला कोण नाही म्हणत नाही, फक्त बाहेर पडता येत नाही. रमजान इथेच होईल, ईदही.

म्हणून जे मी देणार नाही म्हणालो होतो ते खाली देतो. रूपेश आणि सुट्टीहून परतलेला कुमार, दोघांच्या साक्षीने लिहिलंय. मुसलमान साक्षीदार लागतात असं मौलवी म्हणाले तर आकिबला सांग, मी त्या वेळी फोनवर असेन, त्यांना हवं तितक्या वेळा तोंडाने सांगेन.

मी, अली, राहणार दाभोळ, सध्या मुक्काम दम्माम, फरहानाचा बाप आणि वली. तिच्या राजीखुशीने तिचा निकाह उमैरशी लावून देण्याची वकालत मी तिचे मामा आकिब यांना देतो.

रविवारी मांडवात लोक हळहळतील. बिचाऱ्या अलीला सोडलं नाही, या वेळीही सोडलं नाही, असं म्हणतील. आकिब भला माणूस आहे, तोही तसंच सांगेल. तू सांगू देऊ नकोस. मला सोडत होते, बेटा. कागदावर सही झाली होती, तिकीट खिशात होतं. तुझ्या निकाहाला न यायचं मी ठरवलं, माझ्या हाताने, गुरुवारी चारच्या आत. मला तुझ्यापेक्षा तो जवळचा वाटला असं नाही. त्याच्या खांद्यावर पाय ठेवून मांडवात आलो असतो तर तुझा हात उमैरच्या हातात द्यायला माझा हात पुढे झाला नसता.

तू रागावशील. रागाव. या वेळी निदान खऱ्या कारणासाठी रागावशील.

तुझा अब्बा